दारू सोडायची आहे आणि मीटिंगला जायचंय: पहिल्या फोनपासून पहिल्या नव्वद दिवसांपर्यंतचा क्रम

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ज्याला सगळे नुसतं एए म्हणतात, त्यांच्या मीटिंगला एकदा जाऊन ‘आपल्याला काही ते जमलं नाही’ म्हणत परतलेली माणसं मला सतत भेटतात. जरा खोदून विचारलं की कळतं, गडबड बहुतेक वेळा क्रमात झालेली असते. कुणी दारू एकदम बंद करून तिसऱ्या दिवशी थरथरत्या हातांनी जाऊन बसला. कुणाला बायको आणि मेहुण्यानं रिक्षात कोंबून नेलं. कुणी शेवटच्या बाकावर बसला, मीटिंग संपताक्षणी चपला घालून निघाला आणि रात्री साडेनऊला पुन्हा बारसमोर उभा होता.

मीटिंग तास-दीड तासाची असते. दिवसाचे उरलेले साडेबावीस तास कसे काढायचे याची सोय त्या तासात लावून घ्यायची असते, आणि नेमकी तीच न लावता लोक उठतात. खालचा सगळा क्रम त्या उरलेल्या तासांसाठी आहे.

१. आधी शरीराचं बघा, मग मीटिंगचं

जो माणूस रोज पितो, आणि विशेषतः सकाळी उतारा घेतल्याशिवाय ज्याचे हात थांबत नाहीत, त्यानं मनानंच एका दिवसात दारू तोडली तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते, झोप उडते. फिट यायची असेल तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालतं, दिवस आहे की रात्र ते कळत नाही, ताप चढतो. घरचे याला बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करत बसतात आणि दवाखान्याचा वेळ हातचा जातो.

म्हणून पहिला फोन डॉक्टरांना. जवळचे फॅमिली डॉक्टर, जिल्हा रुग्णालयाचा किंवा शासकीय मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग, यांपैकी जिथं पोचता येईल तिथं जा. कुठं जावं हेच कळत नसेल तर सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६, दोन्ही नंबर मोफत आहेत.

डॉक्टरांना आकडा खरा सांगा. ‘दोन-तीन पेग’ हे उत्तर रोज दोन क्वार्टर संपवणाराही देतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. दोन झाल्या की ३६० मिली, असं मोजून सांगा. किती वर्षं पिताय, शेवटचं कधी घेतलं, पूर्वी कधी सोडताना फिट आली होती का, कावीळ झाली होती का, शुगर-बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हेही सांगा. या माहितीवरून डॉक्टर ठरवतात की घरीच गोळ्यांवर भागेल की काही दिवस ॲडमिट व्हावं लागेल. सलाईन लावायची वेळ आली तर दारू पिणाऱ्याला ग्लुकोज चढवण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं. पिणं लपवलंत तर डॉक्टरांना ते सुचणार कसं?

माळ घातली असेल, देवापुढं शपथ घेतली असेल, तर ती जरूर पाळा आणि ती घेऊनच मीटिंगला या. पण फिट माळेनं थांबत नाही.

> सावध राहा: फिट, भ्रम, खूप ताप, रक्ताची उलटी, शुद्ध हरपणं यांतलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा. मीटिंग त्यानंतर.

> घरच्यांसाठी: ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिरातींतली पावडर किंवा गोळी भाजीत कालवून देऊ नका. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, बीपी कोसळतं, हृदयावर ताण येतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. हे औषध पिणाऱ्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

२. आपण कुठं जातोय हे नीट समजून घ्या

एए हे व्यसनमुक्ती केंद्र नाही. तिथं खाटा नाहीत, औषधं नाहीत, समुपदेशकाची केबिन नाही. पूर्वी पिणारी आणि आता न पिणारी माणसं एका खोलीत बसून आपापला अनुभव सांगतात, एवढंच. सभासद व्हायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, आधार कार्ड नाही, धर्म-जात-पक्ष नाही.

हे माहीत नसल्यामुळं घरचे एएच्या नंबरवर फोन करून ‘आमच्याकडं या आणि याला घेऊन जा’ म्हणतात. तसं होत नाही. पिणाऱ्याची बोलायची तयारी असेल तर बऱ्याच ठिकाणी दोन सभासद घरी येऊन त्याच्याशी बोलतात. त्याची तयारी नसेल तर ते जबरदस्ती करणार नाहीत. ‘मीटिंग’च्या नावाखाली कुणी प्रवेश फी मागत असेल तर ती एए नव्हे, दुसरंच काहीतरी आहे.

केंद्रात उपचार घेऊन आला असाल तर तिथले पाठपुराव्याचे गट हा दुसरा रस्ता आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय आणि उपचार घेऊन गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुरावा ठेवतं. वांद्र्यात सुरू झालेल्या कृपा फाउंडेशनच्या कामातही बारा पायऱ्यांना, म्हणजे एएच्या मूळ कार्यक्रमाला, मोठं स्थान आहे. कुठल्याही केंद्रातून सुट्टी मिळण्याआधीच ‘आमच्या भागात पाठपुरावा कुठं, कुठल्या वारी’ हे लिहून घ्या. घरी आल्यावर विचारू म्हटलं की ते राहूनच जातं. आणि केंद्र निवडायची वेळ आली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली त्यांची नोंदणी आहे का हे आधी विचारा. जिथं मारहाणीनं किंवा साखळीनं दारू ‘सोडवतात’ तिथं आपला माणूस ठेवू नका.

एएच्या मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. क्लोज्ड मीटिंगला फक्त ज्याला स्वतःचं पिणं थांबवायचंय तोच बसतो. ओपन मीटिंगला घरचे, मित्र, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं. पिणाऱ्याच्या घरच्यांची स्वतःची वेगळी संघटना आहे, अल-अनॉन. बायकोनं नवऱ्याबरोबर क्लोज्ड मीटिंगला येऊन दारातून परत जायचं, हा मनस्ताप एका फोनवर टळतो.

३. मीटिंग शोधा आणि त्याच दिवशी खात्री करा

एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. एए इंडियाच्या वेबसाइटवर शहरवार गटांची यादी आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. यादीत पत्ता मिळाला म्हणून लगेच निघू नका. बरेच गट महापालिकेच्या शाळेत, चर्चच्या आवारातल्या खोलीत, समाजमंदिरात भरतात. परीक्षा, निवडणूक, सुट्टी, डागडुजी यांत जागा किंवा वेळ बदलते आणि यादी मागं पडते. मोठ्या हिमतीनं निघालेला माणूस बंद फाटक पाहून परत फिरतो, आणि परतीच्या वाटेवर बार उघडाच असतो.

फोनवर काय बोलायचं हे सुचत नाही म्हणून फोनच राहून जातो. एवढं बोला: ‘मला दारू सोडायची आहे. मी पहिल्यांदा येतोय. आज मीटिंग आहे का?’ पलीकडचा माणूस बहुधा ‘दादा, तुम्ही कुठून बोलताय?’ म्हणूनच सुरुवात करेल. मग त्याला हे विचारा:

- आज किती वाजता, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कुठल्या खोलीत?
- ओपन की क्लोज्ड?
- मराठीत बोलणारे असतात का? (मुंबईत आणि गोव्यात एकाच भागात इंग्रजी, हिंदी, मराठी, कोंकणी असे वेगवेगळे गट असू शकतात.)
- फाटकाशी कुणी भेटेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. संध्याकाळी शाळेच्या अंधाऱ्या आवारात तिसरी इयत्ता ब चा वर्ग शोधत फिरणं नव्या माणसाला फार जड जातं. वॉचमनला ‘एएची मीटिंग कुठं?’ एवढं विचारलं तरी चालतं. त्याला रोजची सवय असते, तो नुसतं बोट दाखवतो.

गाव लहान असेल तर ‘कुणी ओळखीचं भेटलं तर?’ ही भीती खरी आहे. दोन उपाय आहेत. सुरुवातीला शेजारच्या तालुक्याच्या गटात जा. किंवा हे ध्यानात घ्या की ओळखीचा माणूस आत भेटलाच तर तोही त्याच कारणासाठी आलेला असणार. खोलीत कोण दिसलं आणि कोण काय बोललं हे बाहेर न सांगणं हा तिथला पाळला जाणारा नियम आहे. आडनाव सांगायचीही गरज नाही.

बायकांसाठी अडचण जास्त आहे, कारण पिणारी बाई ही गोष्ट आपल्याकडं घरातसुद्धा बोलली जात नाही. ताई, फोनवर स्पष्ट विचारा: ‘गटात बायका आहेत का? एखाद्या ताईंचा नंबर मिळेल का?’ मोठ्या शहरांत फक्त बायकांच्या मीटिंगाही भरतात. जवळपास तसं काही नसेल तर ऑनलाइन मीटिंगनं सुरुवात करा. कॅमेरा बंद ठेवला आणि नुसतं पहिलं नाव लिहिलं तरी बसू देतात.

ऑनलाइन मीटिंग आखाती देशांत, बोटीवर किंवा रात्रपाळीत काम करणाऱ्यांनाही सोयीची पडते. मात्र जिथं प्रत्यक्ष जाता येतं तिथं आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्षच जा. पडद्यावर माणूस गायब झालेला कुणाच्या लक्षात येत नाही. खोलीत रिकामी खुर्ची दिसते.

> तपासून घ्या: निघायच्या आधी तुमच्याकडं दोन मीटिंगांचे पत्ते हवेत, आजचा आणि उद्या-परवाचा. एकच पत्ता असेल तर अजून एक फोन करा.

४. जायच्या दिवशी

बहुतेक मीटिंगा संध्याकाळी साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान असतात. पिणाऱ्याचीही तीच वेळ असते, त्यामुळं कामावरून सुटल्यावर मीटिंगपर्यंतचा अर्धा-पाऊण तास सगळ्यांत घसरडा असतो. त्या वेळात काय करणार हे सकाळीच ठरवा.

पोटात काहीतरी असू द्या. उपाशीपोटी तल्लफ जोर करते. कामावरून थेट जात असाल तर वडापाव का होईना, खाऊन जा. नेहमीचा रस्ता बारवरून जात असेल तर लांबचा रस्ता घ्या. खिशात जाण्यायेण्याचे आणि चहाचे पैसे ठेवा. फोनवरून पैसे भरायची सोय आठवडाभर घरच्या कुणाच्या हाती द्यायला स्वतःहून तयार असाल तर उत्तम. पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा गेलात तर सगळ्या माना वळतील या धास्तीनं माणूस दारातूनच परत फिरतो.

‘धीर यावा म्हणून एकच’ घेऊन जाऊ नका. आणि समजा घेतली गेलीच, तर त्या कारणानं जाणं रद्द करू नका. पिऊन आलेल्याला बहुतेक गट बसू देतात. त्या दिवशी बोलू नका, आरडाओरडा करू नका, नुसतं बसा.

घरच्यांनी फाटकापर्यंत सोबत करावी. तिथून पुढं त्यांचं काम नाही. आत जाऊन ‘यांना जरा समजावून सांगा’ असं सगळ्यांसमोर म्हणणाऱ्या सासऱ्यांमुळं जावई पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकत नाही.

५. मीटिंगमध्ये काय होतं

गटागटानं थोडा फरक पडतो, पण साचा सारखाच असतो. सुरुवातीला क्षणभर शांतता आणि प्रार्थना. मग कुणीतरी एएचा उद्देश वाचून दाखवतं, बारा पायऱ्या वाचल्या जातात. मीटिंग चालवणारा त्या दिवसापुरता चेअरपर्सन असतो. तो साहेब नव्हे. ‘कुणी पहिल्यांदा आलंय का?’ असं विचारतात. हात वर करा. केला नाहीत तरी चालतं, पण केलात तर पुढची पायरी निम्मी सोपी होते.

मग एकेक जण पुढं येऊन किंवा जागेवरून बोलतो: ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक.’ सगळे एकत्र नमस्कार म्हणतात किंवा नाव घेऊन स्वागत करतात. तो पाच-दहा मिनिटं स्वतःचं सांगतो: कसा प्यायचो, काय काय गमावलं, कसा थांबलो, आजचा दिवस कसा चाललाय. मधे कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तुमचं नाव पुकारलं तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. कुणी आग्रह करत नाही.

शेवटी थैली किंवा डबा फिरतो. खोलीचं भाडं, चहा, पुस्तिका याचा खर्च सभासद आपसांत भागवतात. बाहेरून देणगी घेत नाहीत. नव्या माणसानं काही टाकलंच पाहिजे असं नाही.

ऐकताना एक खोड सांभाळा. ऐन चाळिशीतला क्लार्क बसलेला असतो आणि बोलणारा सांगतो की मी फुटपाथवर झोपायचो, बायकोचं मंगळसूत्र विकलं. क्लार्क मनात म्हणतो, आपलं काही इतकं नाही. घरी जाऊन तो बायकोला सांगतो, ‘तिथं सगळे हाताबाहेर गेलेले लोक आहेत.’ ही तुलना माणसाला जितक्यांदा परत दारूकडं नेते तितकी क्वचितच दुसरी कुठली गोष्ट नेत असेल. बोलणाऱ्याचं काय काय गेलं ते मोजू नका. तो ‘आज घ्यायची नाही असं ठरवून निघालो आणि कसा आत शिरलो ते कळलंच नाही’ असं म्हणतो तेव्हा कान द्या. ते तुमच्याही बाबतीत घडलंय का, एवढंच स्वतःला विचारा.

देवाचं नाव येतं म्हणून बिचकणारेही असतात. एए कुठल्या धर्माची नाही. ‘आपल्याला जसा समजला तसा ईश्वर’ अशी तिथली भाषा आहे. देव न मानणारी माणसं गटालाच ती शक्ती मानून वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली आहेत. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलात तरी कुणी हरकत घेत नाही. पहिल्या दिवशी या मुद्द्यावर वाद घालू नका.

६. मीटिंग संपल्यानंतरची पंधरा मिनिटं

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

मीटिंग संपते, बाक सरकवले जातात, कुणीतरी किटलीतून कागदी कपांत चहा ओततं. या क्षणी नवा माणूस भिंतीला धरून दाराकडं सरकतो. मी पाहिलेल्या एका तरुणानं असंच एक पाय चपलेत घातला होता. कप घेऊन उभ्या असलेल्या एका काकांनी त्याला फक्त इतकंच विचारलं, ‘घरी जाईपर्यंत वाटेत काय काय लागतं रे?’ त्यानं गुपचूप सांगून टाकलं: दोन बार आणि एक देशीचं दुकान. काका म्हणाले, ‘मग चल, मी पण त्याच बाजूला जातो.’ ते त्याच बाजूला राहत नव्हते.

असे काका प्रत्येक वेळी भेटतीलच असं नाही. म्हणून स्वतःहून थांबा आणि या क्रमानं करा.

अ. ज्याचं बोलणं तुम्हाला आपलं वाटलं त्याच्याकडं जा. ‘तुमचं ऐकून बरं वाटलं, मी पहिल्यांदाच आलोय’ एवढं पुरे.

आ. नंबर मागा. एक नव्हे, निदान तीन. रात्री अकराला तल्लफ येईल तेव्हा एकाचा फोन बंद असेल, दुसरा रात्रपाळीला असेल, तिसरा उचलेल. बायकांनी बायकांचे नंबर घ्यावेत.

इ. तिथंच उभं राहून त्यातल्या एकाला मिस्ड कॉल द्या आणि नाव सेव्ह करा. चिठ्ठीवर लिहिलेला नंबर धुवायच्या शर्टाच्या खिशात जातो.

ई. ‘मी उद्या संध्याकाळी सहाला फोन करतो’ असं वेळ सांगून ठरवा. आणि दुसऱ्या दिवशी काही त्रास नसला तरी सहाला फोन करा. ठीक असताना फोन करायची सवय नसेल तर तल्लफ आल्यावर बोट त्या नंबरवर जात नाही.

उ. पुढची मीटिंग कुठं हे विचारून घ्या आणि तिथं कोण येणार तेही.

> तपासून घ्या: घरी पोचल्यावर फोनमध्ये तीन नवे नंबर आहेत का? उद्याच्या फोनची वेळ ठरली आहे का? पुढच्या मीटिंगचा वार माहीत आहे का? यांतलं एकही उत्तर ‘नाही’ असेल तर हेल्पलाइनला फोन करून आजच मागून घ्या.

७. निर्णय एका मीटिंगवर घेऊ नका

एका गटात म्हातारे जास्त, एकात सगळे इंग्रजीत बोलणारे, एकात कुणीतरी अर्धा तास माइक सोडत नाही. एक गट आवडला नाही म्हणजे एए आवडली नाही असं होत नाही. निदान सहा मीटिंगा करा, त्याही दोन-तीन वेगळ्या गटांत. मग ठरवा.

८. पहिले नव्वद दिवस

एएत नव्या माणसाला बहुतेक वेळा ‘नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा’ असं सुचवतात. मुंबई-पुण्यात ते जमतं. तालुक्याच्या गावात आठवड्याला एकच मीटिंग असते, तिथं हा आकडा ऐकून माणूस खचतो. तिथं असं बसवा: गावातली एक, शेजारच्या गावातली एक, बाकीच्या दिवशी ऑनलाइन, आणि ज्या दिवशी तीही नाही त्या दिवशी एका सभासदाशी ठरल्या वेळी फोन. मधे कोरा दिवस राहू द्यायचा नाही, एवढं पाळा.

आयुष्यभर पिणार नाही अशी प्रतिज्ञा करू नका. ‘फक्त आजचा दिवस’ असं सभासद म्हणतात ते भिंतीवरच्या पाटीपुरतं नाही. सकाळी उठल्यावर आजचा दिवस, दुपारी जमलं नाही तर पुढचा एक तास. तल्लफ आली की आधी चार गोष्टी तपासा: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, दमलोय का? बहुतेक वेळा यांतलं एक असतंच. जेवा, फोन करा, झोपा.

मग दिनदर्शिका समोर घ्या. आपल्याकडची एक खास फसगत म्हणजे श्रावण. महिनाभर न पिता राहणं अनेकांना जमतं, त्यावरून ‘मला काही व्यसन नाही’ असा निष्कर्ष निघतो, आणि महिना संपला की गाडी मूळ पदावर. श्रावण पाळता येतो म्हणून मीटिंग सोडू नका. खाली दिलेल्या दिवसांवर आत्ताच खूण करा:

- गटारी
- पगाराचा दिवस आणि त्या आठवड्याचा शनिवार
- गणपती विसर्जनाची मिरवणूक
- शिमगा, धुळवड
- गावची जत्रा, विशेषतः मटणाची पंगत
- जवळच्या लग्नातली हळद आणि वरात
- ३१ डिसेंबर

पहिल्या नव्वद दिवसांत यांतलं जे टाळता येईल ते टाळा. चुलतभावाचं लग्न टाळता येत नसेल तर हळद-वरात सोडून नुसतं अक्षतांना जा, जेवा आणि निघा. जायच्या आधी एका सभासदाला फोन, परत आल्यावर पुन्हा फोन. हातात कायम कोकम सरबताचा किंवा पाण्याचा ग्लास ठेवा. रिकाम्या हाताला आग्रह होतो. ‘घे रे, एकानं काय होतं’ याला लांबलचक उत्तर देऊ नका. ‘डॉक्टरांनी बंद केलीय’ एवढं म्हणा आणि जागा बदला. गटारीला आणि ३१ डिसेंबरला तुमच्या भागात मीटिंग आहे का हे आधी विचारून ठेवा. नसेल तर दोघा-चौघा सभासदांनी एकाच्या घरी जेवायचं ठरवा.

> सावध राहा: एखादा जुना सभासद ‘त्या गोळ्या कशाला, सोडून दे’ म्हणाला तर ऐकू नका. डिप्रेशनच्या, फिटच्या, झोपेच्या गोळ्या सुरू किंवा बंद करणं हे डॉक्टरांचं काम. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर मीटिंगची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा किंवा १४४१६ ला फोन करा.

९. स्पॉन्सर

स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधी या वाटेनं गेलेला सभासद, जो बारा पायऱ्या समजावतो आणि ज्याला आपण आतलं सगळं सांगू शकतो. पहिल्याच दिवशी निवडायची घाई नको, आणि सहा महिने टाळूही नका. महिन्याभरात कळतं की कुणाचं बोलणं आणि वागणं जुळतं. निदान वर्षभर दारूपासून लांब असलेला हवा. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. ‘तुम्ही माझे स्पॉन्सर व्हाल का?’ असं सरळ विचारा. त्यांना वेळ नसेल तर ते दुसऱ्याचं नाव सांगतील, त्यात अपमान नाही.

स्पॉन्सर सावकार नाही. गटात कुणाकडून उसने पैसे घेऊ नका, देऊ नका, कुणाच्या धंद्यात भागीदारी करू नका. पाचशे रुपयांच्या उसनवारीपायी तोंड चुकवत माणसानं मीटिंग सोडलेली मी पाहिली आहे. गटाच्या व्हॉट्सॲपवरचे मेसेज किंवा फोटो पुढं पाठवायचे नाहीत, हेही इथंच सांगून ठेवते.

१०. घरच्यांनी काय करायचं

तो मीटिंगहून आला की ‘काय झालं, कोण कोण होतं?’ अशी उलटतपासणी नको. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं समजू शकतं, इतक्या वर्षांच्या फसवणुकीनंतर ते होतं; पण त्यानं दोघांनाही त्रासच होतो. मीटिंगची वेळ मोकळी ठेवा. त्या वेळेला भाजी आणायला, पाहुण्यांना सोडायला त्याला पाठवू नका. ‘आता दारू सुटली ना, मग रोज मीटिंग कशाला?’ हे वाक्य घरातूनच सगळ्यांत जास्त वेळा येतं, आणि ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतं.

बायकोनं, आईनं स्वतःसाठी अल-अनॉनची मीटिंग शोधावी. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी सहचरी गट आहे. त्यानं सोडली किंवा नाही सोडली, तरी तुम्ही जाऊ शकता. घरात मारहाण होत असेल तर ‘तो मीटिंगला जातोय, होईल सुधारणा’ म्हणून थांबू नका. महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन किंवा ११२ ला फोन करा.

११. पुन्हा प्यायला गेलं तर

याला सभासद स्लिप म्हणतात. ती प्रत्येकाला होतेच असं नाही, पण झाली तर क्रम असा ठेवा.

आधी पिणं तिथंच थांबवा. ‘आता घेतलीच आहे तर बाटली संपवू, उद्यापासून बघू’ हा विचार येईल; त्याच वेळी फोनमधल्या तीनांपैकी एकाला फोन लावा. बोलायला लाज वाटत असेल तर नुसतं ‘घेतली’ एवढं म्हणा. पलीकडच्याला पुढचं सांगावं लागत नाही.

एकदाच घेतली असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मीटिंगला जा. सलग काही दिवस पिणं झालं असेल तर पुन्हा या लेखातल्या पहिल्या मुद्द्यावर या. अचानक थांबवल्यावर होणारा त्रास या वेळी मागच्यापेक्षा जास्त असू शकतो, म्हणून आधी डॉक्टर.

गट बदलू नका. ज्यांनी तुमचे दिवस मोजले त्यांच्यासमोर जायची लाज वाटते म्हणून लोक दुसऱ्या गटात जातात, तिथं पुन्हा नवखे होतात, आणि ज्यांना तुमची वाट, तुमचे बार, तुमच्या सबबी माहीत आहेत ती माणसं हातची जातात. त्याच खोलीत जा. हात वर करून पुन्हा पहिला दिवस सांगा. मग मीटिंगनंतर थांबा आणि एकाबरोबर बसून लिहून काढा: शेवटच्या दोन आठवड्यांत कुठली मीटिंग चुकली, कुठला ठरलेला फोन केला नाही, प्यायच्या आधीच्या तासात कुठं होतात आणि कुणाबरोबर. कागद घडी करून पाकिटात ठेवा, आणि त्यात जो वार, जी वेळ आली असेल त्या वेळेसाठी पुढच्या आठवड्याची मीटिंग आत्ताच ठरवा.